पहाडावरचा, घोडा असलेला पिक्चर

धर्मपाल तेलगोटे यांना आजवर एकाही पिक्चरचं नाव पाठ झालेलं नाही आणि त्यावाचून आपलं काही अडतं असंही त्यांना वाटत नाही. नाव पोस्टरवर असतं, पिक्चर आत असतो, असं त्यांचं म्हणणं. अकोल्यात मोर्णा नदीच्या पुलावर कुणी भेटलं आणि विचारलं, "धर्मपालभाऊ, काय पायलं एवढ्यात?" की ते सायकल बाजूला लावतात आणि सुरू होतात: "अरे तो पाय न, ज्यात त्या चपट्या नाकाच्या पोट्याची गाडी नदीत पडते, आन् त्याची सासूच त्याले वाचवते." एवढ्यावर समोरच्यानं पिक्चर ओळखला पाहिजे. नाही ओळखला तर दोष समोरच्याचा.

नटनट्यांचीही तीच गत. त्यांच्या लेखी नट तीन-चार प्रकारचे असतात: चपट्या नाकाचा, रडक्या तोंडाचा, आणि "तो, जो आपल्या वानखडे साहेबासारखा दिसते". हे वानखडे साहेब जुन्या शहरातल्या निम्म्या लोकांनी कधी पाहिलेले नाहीत, पण त्यांच्यासारखा दिसणारा नट मात्र आता सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

धर्मपालभाऊंचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. पोरगा शिकला, पदवीधर झाला आणि सरकारी बीज तपासणीच्या प्रयोगशाळेत लागला. तिथे नोकरीभर त्यांनी एकच काम केलं. ओल्या कागदाच्या गुंडाळीत बियाणं ठेवायचं, ठरल्या दिवशी गुंडाळी उघडायची आणि कोंब आले का ते पाहायचं. आले तर उगवलं, नाही तर नाही. मधलं काही नाही. निवृत्त झाले, प्रयोगशाळा सुटली, पण हा शेरा काही तोंडातून सुटला नाही. पिक्चरलाही तो तसाच लागतो. "उगवला" म्हणाले की पाहावा. "नाई उगवला" म्हणाले की संपलं, मग त्या पिक्चरनं देशभर गर्दी खेचलेली असली तरी.

निवृत्तीनंतर मुलानं घरी मोठा टीव्ही आणून दिला. त्यात दुनियेतले पिक्चर दिसायला लागले आणि धर्मपालभाऊंच्या शेऱ्यांना ऊत आला. जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक सकाळी फुलांचे फोटो टाकत, हे आवाजी निरोप टाकत. पहिला निरोप पिक्चर पाहा म्हणून, दुसरा शेवट काय झाला ते सांगणारा. लोक पहिला ऐकत आणि दुसरा येण्याआधी मोबाइल बंद करून ठेवत. त्यांच्या पत्नी कौशल्याबाई म्हणत, "तुमाले कोनी इचारलं व्हतं काय?" यावर धर्मपालभाऊंचं उत्तर ठरलेलं: "उद्या पाहून पस्तावन बिचारा, त्यापेक्षा आजच सांगतलेलं बरं."

अशा माणसाच्या मुलाचं लग्न ठरायची वेळ आली.

मुलगा अनुप नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत एका कापडाच्या कारखान्यात इंजिनिअर होता आणि अमरावतीला खोली करून राहत होता. तिथेच त्याची ओळख अपेक्षाशी झाली. अपेक्षा खंडारे बँकेत होती. दोघांनी आपापल्या घरी सांगितलं. समाज एक, शिक्षण जोडीचं, कुणाची काही हरकत नव्हती. फक्त रीतसर जाऊन यायचं होतं.

तेलगोटे नवराबायको एसटीनं मूर्तिजापूरवरून अमरावतीला गेले. खंडाऱ्यांचं घर फ्रेजरपुऱ्यात. अपेक्षाचे वडील सूर्यभानजी टपाल खात्यातून निवृत्त झालेले. इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं, आणि खुर्चीत बसले तरी पाठ टेकायची नाही. पत्नी काही वर्षांपूर्वी वारली होती. घरात ते, अपेक्षा आणि सूर्यभानजींची आई केशरबाई. केशरबाई ऐंशीच्या पुढे, कान तिखट, जीभ त्याहून तिखट.

जय भीम झाला, चहा झाला, पोहे झाले. मुलगी सगळ्यांना आवडली, मुलगा आवडलेलाच होता. निघताना सूर्यभानजींना वाटलं असावं की आपण फारच कमी बोललो. अनुपकडून ऐकलं होतं ते आठवून ते म्हणाले, "तुमाले पिक्चरची आवड हाय म्हनतात. रविवारी आमच्याकडे पावणे असतात. सगळ्याइनं बसून पाहन्यासारखा सांगा एखादा."

कौशल्याबाईंनी नवऱ्याच्या कोपराला हळूच हात लावला. उशीर झाला होता. धर्मपालभाऊंचा चेहरा उजळला होता.

"सांगतो न! म्या आत्ताच पायला. पहाडावरचा हाय. एक म्हातारा हाय, एक घोडा हाय. मोठा शांत पिक्चर. इतका स्वच्छ पिक्चर दहा वर्षात निघाला नाई, सूर्यभानजी. पोरीसोरी बसवा, पावणे बसवा. आजीले तं पुढंच बसवा!"

"नाव काय?" सूर्यभानजींनी विचारलं.

"नावात काय हाय? पहाड, म्हातारा, घोडा. मोबाइलमधी बोललं की निघते."

रविवार गेला. सोमवार गेला. खंडाऱ्यांकडून फोन येणार होता, साखरपुड्याची तारीख ठरणार होती. फोन आला नाही. तो आठवडा तसाच गेला. कौशल्याबाईंनी अनुपला विचारलं तर तो "सांगतो नंतर" म्हणाला. शेवटी एका सकाळी त्यांनी त्याला फोनवर चांगलंच धरलं, तेव्हा त्यानं सांगून टाकलं.

झालं होतं ते असं. रविवारी सूर्यभानजींच्या घरी त्यांचे धाकटे भाऊ सहकुटुंब आले होते. शिवाय विहाराच्या कमिटीतले दोन ज्येष्ठ सदस्य कार्यक्रमाच्या बोलणीसाठी आले होते, त्यांनाही आग्रह करून बसवलं. केशरबाईंची खुर्ची सांगितल्याप्रमाणे सगळ्यांत पुढे. अपेक्षाच्या चुलतभावानं मोबाइलमध्ये पहाड, म्हातारा आणि घोडा शोधला. निघाला. चित्रावर तिन्ही होते. पिक्चर सुरू झाला. म्हातारा हा एका डोंगरावरच्या बंगल्याचा चौकीदार. तो पाचव्या मिनिटाला मेला. मग बंगल्यात नुकतंच लग्न झालेलं एक जोडपं आलं. बाहेर बर्फ पडत होता, त्यांना दुसरं काही काम नव्हतं. कमिटीतल्या एका सदस्याला अचानक खोकला लागला. दुसऱ्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला, तो पुसतच राहिले. रिमोट कुठे गेला ते कुणाला सापडेना. घोडा शेवटपर्यंत खिडकीबाहेर उभा होता.

"आता सूर्यभानकाका म्हणतात," अनुप फोनवर म्हणाला, "ज्या माणसाले हा पिक्चर स्वच्छ वाटते, त्याच्या घरी पोरगी कशी द्याची?"

कौशल्याबाईंनी फोन ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्याकडून बर्फ आणि जोडपं एवढंच ऐकून धर्मपालभाऊ आधी गोंधळले, मग त्यांना राग आला.

"बर्फ? माया पिक्चरमधी बर्फच नाई!"

"तुमचा पिक्चर!" कौशल्याबाई म्हणाल्या. "तुमीच काहाडला व्हता जसा काही. चला, कपडे घाला."

"कुठी?"

"अमरावतीले. फोनवर बोलाची गोठ नाई हे."

बसमध्ये कौशल्याबाई खिडकीबाहेर पाहत बसल्या. धर्मपालभाऊ मनातल्या मनात भाषण जुळवत होते. मूर्तिजापूर येईपर्यंत त्यात पिक्चरची कथा होती, बडनेरा येईपर्यंत फक्त माफी उरली. त्यांना खरोखर भीती वाटत होती. आयुष्यात इतके शेरे मारले, कुणाचं काही बिघडलं नव्हतं. कुणी फार तर एक दुपार वाया घालवली असेल. पण हा पोराचा संसार होता आणि तो सुरू होण्याआधीच बापानं त्यात एक घोडा सोडला होता.

सूर्यभानजींनी दार उघडलं, जय भीम म्हणाले आणि बसा म्हणाले. मग आपल्या खुर्चीत ताठ बसले. अपेक्षा पाणी ठेवून दाराशी उभी राहिली. अनुपही कामावरून परस्पर आला होता, तो तिच्या शेजारी उभा. धर्मपालभाऊंनी घसा साफ केला, पण माफीऐवजी पिक्चरच तोंडात आला.

"सूर्यभानजी, तुमाले तो पिक्चर आवडला नाई असं समजलं. पन तो म्हातारा मास्तर त्या एकट्या पोरासाठी रोज पहाड चढते, पाढे शिकवते, तवा तुमाले काईच…"

"कोनता मास्तर?" सूर्यभानजी म्हणाले. "म्हातारा चौकीदार व्हता. पाच मिनिटात मेला."

"मेला? मायावाला म्हातारा तं शेवटच्या रिळापर्यंत जिता हाय! घोड्यावर पुस्तकं लादून…"

"घोडा खिडकीबाहीर व्हता."

अपेक्षानं मोबाइल काढला, खाटखूट केलं आणि एक चित्र धर्मपालभाऊंच्या पुढे धरलं. "काका, हा का तुमचा?"

"हाच! पाय, हा मास्तर, हा पहाड, हा घोडा."

"काका, हे खेचर आहे."

धर्मपालभाऊंनी चष्मा वर करून, खाली करून पाहिलं. खेचरच होतं. ओल्या कागदातला इवलासा कोंब हेरणारा माणूस अख्खा पिक्चर खेचराला घोडा समजून पाहत बसला होता, आणि वर त्यासाठी रडलाही होता.

आतल्या खोलीतून केशरबाईंचा आवाज आला. "मंग आपन पायला तो कोनता?"

"तो चुकीचा व्हता, माय," सूर्यभानजी म्हणाले.

"चुकीचा कावून? मले तं आवडला. पोरगी गोड व्हती. तुमीच साऱ्याइनं माना खाली घातल्या, म्या शेवटपर्यंत पायला."

अनुपला हसू आवरेना म्हणून तो पाणी प्यायला लागला. सूर्यभानजी हसले नाहीत. पण त्यांची पाठ पहिल्यांदा खुर्चीला टेकली. गैरसमज होता, हे त्यांनी मान्य केलं. तरी तारखेचा विषय काही त्यांनी काढला नाही. चूक कळली होती, माणूस अजून कळायचा होता.

वातावरण मोकळं व्हावं म्हणून पोरांनी एक बेत केला. नवा मोठा पिक्चर लागला होता, गावभर त्याचेच फलक. दुपारच्या खेळाला सगळ्यांनी मिळून जायचं. केशरबाईंनी गुडघ्याचं कारण सांगून घरी राहणं पसंत केलं. बाकीचे निघाले. जिना उतरताना कौशल्याबाईंनी नवऱ्याला मागे ओढलं.

"आज मत द्याचं नाई. कोनी इचारलं तं चांगला व्हता म्हनाचं. बस. इतकंच म्हनाचं."

"आन् नाई उगवला तं?"

"तरी उगवला."

धर्मपालभाऊंनी मान डोलावली.

पिक्चर सुरू झाला आणि पहिल्या पंधरा मिनिटांतच त्यांना कळलं की आजची परीक्षा साधी नाही. नायक एका हातानं ट्रक अडवत होता. का अडवत होता ते दिग्दर्शकालाही ठाऊक नसावं. व्हिलनचा किल्ला होता, किल्ल्यात लिफ्ट होती. नायिका दोन गाण्यांत आली आणि कुठे गेली ते कुणी विचारलं नाही. धर्मपालभाऊ खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. घरी असते तर आतापर्यंत चार आवाजी निरोप गेले असते. इथे त्यांनी एक चेहरा ठरवला, थोडा हसरा, आणि तो तीन तास तसाच ठेवला. मध्यंतरात सूर्यभानजींनी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हाही तो जागेवर होता.

बाहेर आल्यावर जवळच्या गाडीवर सगळे गिला वडा खायला थांबले. दह्यात बुडालेले वडे, वर लाल चटणी. पोरं दोन पावलं लांब उभी होती, मुद्दामच. सूर्यभानजींनी प्लेट हातात धरली आणि विचारलं, "कसा वाटला?"

धर्मपालभाऊंनी घास गिळला. "चांगला व्हता."

"चांगला?"

"हो न. मस्त. उगवला."

सूर्यभानजींचा चेहरा उतरला. त्यांनी चमच्यानं वड्याचे दोन तुकडे केले. मग म्हणाले, "मी तं अर्ध्यातून उठनार व्हतो. तुमी हसून राह्यले म्हनून बसलो. म्हनलं, आपल्याले समजून नाई राह्यलं, यायले तरी समजून राह्यलं असन." एक तुकडा उचलून ते पुढे म्हणाले, "हा जर तुमाले चांगला वाटला, तं मंग तो मास्तरवालाही असाच चांगला असन."

हे धर्मपालभाऊंना लागलं. कानाच्या पाळ्या तापल्या. त्या खेचरावर, त्या म्हाताऱ्यावर, त्या एकट्या पोरावर हा किल्ल्यातला लिफ्टवाला डाग! त्यांनी बायकोकडे पाहिलं. कौशल्याबाई चमच्यानं दही ढवळत होत्या. त्यांनी एक सुस्कारा सोडला, जसा दूध उतू जाताना पाहून बाई सोडते, आणि म्हणाल्या, "बोला आता. फुटसान नाई तं."

मग धर्मपालभाऊ बोलले. ट्रकपासून सुरू झाले, किल्ल्यात गेले, लिफ्टमध्ये बराच वेळ अडकले. नायकाच्या जॅकेटवर बोलले, व्हिलनच्या हसण्यावर बोलले. "एक दाना नाई उगवला, सूर्यभानजी! सडलेलं बियानं हाय हे, पाकीट तेवढं चकचकीत!" सूर्यभानजी आधी नुसते हुंकार देत होते. मग त्यांनी मधेच आठवण करून दिली की घोड्यावरून उडी मारताना नायकाच्या पायात पांढरे बूट होते आणि खाली पोचला तेव्हा काळे. धर्मपालभाऊंनी हे पाहिलंच नव्हतं. त्यांनी टाळी मागितली. टपाल खात्यातल्या माणसानं बहुधा नोकरीनंतर पहिल्यांदा कुणाला भर रस्त्यात टाळी दिली. गाडीवाला दुसरी प्लेट विचारून गेला, यांनी ऐकलंच नाही.

"आन् तो दवाखान्याचा सीन!" धर्मपालभाऊ रंगात आले होते. "बायको तिकडे मरून राह्यली, आन् हा बाहीर बाकावर बसून तिच्या चपला पुसून राह्यला. असं कोनी करते काय? सगळ्यात भिकार सीन…"

"मी केलं असं," सूर्यभानजी म्हणाले.

धर्मपालभाऊंचा हात हवेत राहिला.

"चपला नाई," सूर्यभानजी म्हणाले. "तिची पिशी व्हती. डब्बा, टावेल, फनी. आत डॉक्टर लोकं व्हते, मले बाहीर बसवलं. मी सगळं पिशीतून काहाडलं, पुसलं, परत भरलं. परत काहाडलं. आज तो सीन आला तं मले रडू आलं. तेवढ्यासाठीच मी उठलो नाई, खरं सांगाचं तं."

कौशल्याबाईंनी चमचा खाली ठेवला. धर्मपालभाऊ अडकले. माफी मागावी तर तो सीन चांगला म्हणावा लागणार, आणि त्यांना तो खरंच पटला नव्हता. मगाशी खोटं बोलून काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं.

"सूर्यभानजी," शेवटी ते हळू म्हणाले, "आमच्याकडे कास्तकार यायचे भांडाले. म्हनायचे, तुमच्या कागदात उगवलं, आमच्या वावरात नाई उगवलं. कधी उलटंही व्हायचं. आमी नापास केलेलं बियानं एखाद्याच्या वावरात तरारून यायचं. तवा मले लय राग यायचा. वाटे, हा खोटं बोलून राह्यला." त्यांनी प्लेट बाजूला ठेवली. "मायाकडे तो सीन नाई उगवला. तुमच्याकडे उगवला. मी काय बोलू आता त्याच्यावर?"

सूर्यभानजींनी रुमालानं तोंड पुसलं, मग डोळे पुसले, मग रुमालाची नीट घडी घातली. "बाकीचा पिक्चर मात्र भिकारच व्हता," ते म्हणाले.

"एकदम," धर्मपालभाऊ म्हणाले.

चालत घरी जाताना दोघं पुढे आणि बाकीचे मागे. अपेक्षानं नंतर अनुपला सांगितलं की आई गेल्यापासून बाबा त्या दवाखान्याबद्दल घरात कधी बोलले नव्हते, तिच्याशीही नाही. घरी पोचल्यावर सूर्यभानजींनी भिंतीवरचं कॅलेंडर स्वतः काढून आणलं. केशरबाईंनी आतून विचारलं, "इवाई राहून राह्यले का जाऊन राह्यले? राहत असान तं भाकरी टाका म्हना." इवाई, म्हणजे व्याही, हा शब्द त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारला गेला.

लग्न अमरावतीला झालं, साधं आणि वेळेवर. सूर्यभानजींनी जे काही ठरवलं होतं ते मिनिटाबरहुकूम पार पडलं. हौस म्हणून पोरांनी व्हिडिओवाला मात्र चांगला लावला होता, ड्रोनसकट. दोन महिन्यांनी त्याचा पिक्चर तयार होऊन आला. अकोल्याच्या घरी सगळे जमले. सूर्यभानजी आणि केशरबाई मुद्दाम आले होते. टीव्ही लावताना अनुप सारखा मागे वळून पाहत होता, कारण वडील पुढच्या खुर्चीत बसले होते, हाताची घडी घालून, ओठ मिटून.

पिक्चर बराच लांब होता. वंदना झाली, हार झाले, मग जेवणाच्या पंगती सुरू झाल्या त्या संपेचनात. मुलगी निघाली तेव्हा सूर्यभानजी कॅमेऱ्याकडे पाठ करून उभे होते. इथे खोलीत अपेक्षा वडिलांजवळ सरकून बसली. केशरबाईंनी पदर तोंडाला लावला. धर्मपालभाऊंचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

पिक्चर संपला. सगळ्यांच्या माना हळूहळू एकाच खुर्चीकडे वळल्या.

"बरा हाय," धर्मपालभाऊ नाक पुसत म्हणाले. "पंगती कापाले पायजे व्हत्या. पोरगी निघते तो भाग एक नंबर. पन मले एक सांगा, तो टकला मानूस कोन व्हय? जिकडे पाहावं तिकडे मधात येऊन उभा राहते. सारा सीन खराब करते."

कौशल्याबाई उठल्या आणि चहा ठेवायला आत जाता जाता म्हणाल्या, "तुमीच व्हय ते."